न वितळवितां धातूचा पुनरुपयोग

रसायनशाळेंत मॅग्नेशियमची फीत पेटविली असतां जो डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश पडतो, तो वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलेला आहे. त्याच धातूचा कारखान्यांत पडणारा कीस पुन्हां उपयोगांत कसा आणावा, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. त्यांत शास्त्र, काटकसर व कामगाराचा जीव या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळें त्याविषयीं आमचें मत येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्रांचे भाग करण्यासाठीं नित्य वापरल्या जाणाऱ्या धातूंत मॅग्नेशियम हा सर्वांत हलका होय. पाण्याच्या पावणेदोन पट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सुमारें दोनतृतीयांश एवढेंच त्याचें वजन. मोटारीच्या गिअरपेटीचें कवच किंवा कॅमेऱ्याचा सांगाडा त्याच्या मिश्रधातूंचा ओततात. पुढें तें ओतकाम तासावें व भोंकावें लागतें, आणि यंत्राखालीं कीस सांचतो. पोलाद किंवा पितळ यांचा कीस भट्टींत टाकून त्याचा रस करावा, ही जुनी रीत. पण येथें ती अंगाशीं येते. कीसाच्या वजनाच्या मानानें त्याचा पृष्ठभाग फार मोठा असल्यामुळें रस होतां होतांच बऱ्याच धातूचें भस्म होऊन जातें. आग लागली आणि कोणीं पाणी ओतलें, तर हायड्रोजन निघून भडका अधिकच उडतो. कार्बन डायऑक्साइडमध्यें देखील हा धातु जळत राहतो. रसावर हवा लागूं नये म्हणून पुष्कळ वर्षें सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायु सोडीत असत. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक उष्णता कोंडतो! युरोपीय संघानें २०१४ च्या नियमानें या धंद्यांतील त्याच्या वापरास मनाई केली, ती उगीच नव्हे.

मग रस केलाच नाहीं तर? ही कल्पना नवी नाहीं. मॅक्स स्टर्न यांच्या नांवें ॲल्युमिनियमच्या भंगारासाठीं १९४५ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालेलें आहे. मॅग्नेशियमच्या बाबतींत जपानांतील माबुची, कुबोता व हिगाशी यांनीं एझेड ९१ या मिश्रधातूच्या कीसावर केलेले प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध केले. कृति ऐकावयास सोपी आहे. तेलकट कीस धुऊन वाळवावा, दाबून त्याची घट्ट वडी करावी, ती तीन-चारशें अंशांपर्यंत तापवावी, आणि अरुंद छिद्रांतून जबर दाबानें बाहेर काढावी. आमच्या घरोघरच्या सोऱ्यांतून शेव पडते तशी कांब बाहेर पडते. प्रत्येक कणावर भस्माचा पातळ पापुद्रा असतो. छिद्रांतून जातांना तो फाटतो, आंतील उघडा धातु शेजारच्या उघड्या धातूस भिडतो व दोन्ही जखडून एक होतात. फाटलेल्या पापुद्र्याचे तुकडे आंतच विखुरतात. धातूचे दाणे बारीक झाल्यामुळें ही कांब मूळच्या ओतीव धातूपेक्षां बळकट निघते. मात्र भस्म अधिक झालें तर ती लवण्याऐवजीं लवकर तुटते.

ही रीत आम्हांस पसंत आहे. तथापि तिची स्तुति करणारे एक गोष्ट हळूच गाळतात, तें आम्हांस पसंत नाहीं. वितळलेल्या रसांतून मळ कांहीं अंशीं काढतां येतो. मँगेनीज घातलें म्हणजे लोखंड तळाशीं बसतें. येथें मुशीचा तो उपकार नाहीं. जें कीसांत आलें तें कांबेंत राहिलें! एझेड ९१ डी या शुद्ध जातीच्या ओतकामांत लोखंड शेंकडा ०.००५ हून अधिक चालत नाहीं, कारण त्यामुळें धातु झपाट्यानें गंजतो. म्हणजे वीस किलो कीसांत ग्रॅमभर लोखंड झालें कीं मर्यादा संपली; शेजारच्या लेथवरील पोलादाची चिमूटभर झाडण त्यास पुरे. लोखंड चुंबकानें वेंचतां येईल, तांबें चुंबकास सांपडत नाहीं.

सारांश, या कामाचें यश दाबयंत्रापेक्षां यंत्राखालच्या केरसुणीवर अधिक अवलंबून आहे. केरसुणी ज्याच्या हातीं, त्याला मात्र कारखान्यांत सर्वांत कमी मजुरी! आपला मुलगा भंगार निवडतो हें सांगण्याची कित्येक पालकांस लाज वाटते. आमच्या मतें तींत कांहींच अर्थ नाहीं. कोणता कीस कोणत्या पिंपांत जावा, तो ओला कां राहूं देऊं नये, आणि पेटल्यास पाण्याची बादली न उचलतां कोरडी वाळू कां टाकावी, हें जाणणारा माणूस कारागीरच होय. त्यास लेथवाल्याच्या जोडीची मजुरी मिळावी, आणि नवख्या पोरास कांहीं न शिकवितां त्या ढिगापाशीं उभें करूं नये.