कर्सिव्ह हवं, पण कशासाठी?

अमेरिकेत शाळांवरून सतत काही ना काही भांडणं चालू असतात. त्यातलं एक मला पूर्वी अगदीच फुटकळ वाटायचं, ते म्हणजे मुलांना कर्सिव्ह शिकवायचं की नाही. कर्सिव्ह म्हणजे आपण चार रेघी वहीत गिरवायचो ते, हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जाणारं इंग्रजी वळण. २०१० साली इथे 'कॉमन कोअर' नावाचा शालेय आराखडा आला आणि बहुतेक राज्यांनी तो उचलला. त्यात कर्सिव्हचा उल्लेख नव्हता. चौथीतल्या मुलाला एका बैठकीत पानभर टाइप करता यावं, ही अपेक्षा मात्र होती. शाळांनी काय समजायचं ते समजून घेतलं. काही वर्षांनी ओरड सुरू झाली, आणि आता वीसहून अधिक राज्यांनी या ना त्या स्वरूपात कर्सिव्ह परत आणलंय. आमच्या कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिली ते सहावीसाठी तसा कायदाच झाला.

त्यामुळे तिसरीतल्या आमच्या लेकीच्या दप्तरातून गिरवायचे कागद येऊ लागले, आणि जेवणं आटोपली की तिच्या शेजारी बसून मीही गिरवू लागले. मी मराठी शाळेतली, इंग्रजी पाचवीपासून. पुढे इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये सुटी कॅपिटल अक्षरं, प्रयोगशाळेच्या वहीत तीच, आणि पीएचडीचा प्रबंध टाइप केलेला. वीसेक वर्षांत सहीपलीकडे मी कर्सिव्ह लिहिलंच नव्हतं.

आता वाटतं, ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढचं सुरू होतं. पण बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू ही चार वर संपतात, म्हणून त्यांच्यानंतरचं अक्षर वेगळ्या ठिकाणाहून उचलावं लागतं. लेक नेमकी तिथेच अडायची आणि मीसुद्धा. अमेरिकेत हे वळण घराघरात नेणारा ऑस्टिन पामर सांगायचा की बोटं हलवू नका, सगळा हात हलवा. १८९०च्या दशकात त्याच्या पुस्तकांचा गिऱ्हाईक होता कचेरीतला कारकून, त्यामुळे भर सौंदर्यापेक्षा वेगावर आणि हात न दुखण्यावर. शिवाय शाईचं टाक वारंवार उचलून टेकवलं की डाग पडतात, म्हणून जोडत जायचं. बॉलपेन मात्र दाबून लिहावं लागतं आणि हात भरून येतो. मी नवऱ्याचं पडून असलेलं शाईपेन घेतलं तेव्हा कुठे हात सुटला. (धाकट्याने त्याच शाईने सोफ्यावर स्वतःचं कर्सिव्ह काढलं, ते अजून निघालेलं नाही.)

तर आता मूळ मुद्दा. कर्सिव्हवाले सगळ्यात आधी मेंदू पुढे करतात. हाताने लिहिलं की बुद्धी तल्लख होते म्हणे. संशोधन हेच पोटापाण्याचं काम असल्यामुळे मी ते निबंध वाचले. २०१४ चा एक गाजलेला प्रयोग सांगतो की लॅपटॉपपेक्षा हाताने टिपणं काढणाऱ्यांना विषय जास्त कळला. पण २०१९ मध्ये तोच पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक फारसा उरला नाही. २०२४ चा नॉर्वेतला अभ्यास तर व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्याकडेही फिरला असेल. त्यात ३६ विद्यार्थी होते, आणि टाइप करणाऱ्यांनी फक्त उजव्या हाताची तर्जनी वापरायची होती! मेंदूच्या लहरी मोजल्या. कोणाच्या काय लक्षात राहिलं, ते तपासलं नाही. जोडलेलं अक्षर सुट्यापेक्षा चांगलं, हे तर त्यातून मुळीच निघत नाही. एवढ्याशा पायावर मी कायदा उभारणार नाही.

तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे, आणि माझं कारण लिहिण्याचं नसून वाचण्याचं आहे. लेकीच्या वाढदिवसाला शेजारच्या आजींनी कार्ड दिलं, सुंदर कर्सिव्हमध्ये. लेकीने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आई, ही कुठली भाषा?" भाषा तिचीच होती. जुन्या वळणातला कॅपिटल क्यू तर हुबेहूब इंग्रजी दोनसारखा दिसतो, सांगितल्याशिवाय कळणार कसा? इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला आज कर्सिव्ह वाचू शकणारे स्वयंसेवक हवे आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे पेन्शनचे कागद वाचून टाइप करायचं काम ते लोकांकडून करून घेतात.

आपल्याला हे नवीन नाही. मोडी ही आपलीच कर्सिव्ह. आधी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं. छापखान्यात देवनागरी चालली, आणि १९५०च्या दशकात शाळांतूनही मोडी गेली. आमच्या घरी पणजोबांचं दप्तर होतं. आजोबा ते घडाघडा वाचायचे, बाबांना एक ओळ लागत नाही. आजोबा २००४ मध्ये गेले आणि दप्तर मुकं झालं. पुढे जमिनीची वाटणी निघाली तेव्हा बाबांना पानाला पैसे मोजून वाचून घ्यावं लागलं. त्यात एक कागद जमिनीचा नव्हताच. पणजीच्या बाळंतपणाच्या खर्चाची यादी होती ती: डिंक, खारीक, तूप, सुइणीला लुगडं. पणजीबद्दल आमच्याकडे लिहिलेलं असं तेवढंच आहे, आणि ते शंभरेक फुटांवरच्या माळ्यावर असून आम्हाला वाचता येत नव्हतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी केवढी धावाधाव झाली, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. लिपी मरायला शतकं लागत नाहीत, एक पिढी पुरते.

मात्र म्हणून तिकडे चालतं तसं नको. माझी पुण्यातली भाची सीनियर केजीत आहे. पाच वर्षांच्या पोरीचे अक्षर रेघेबाहेर गेलं म्हणून मार्क कापतात, आणि आजीचं मराठीतलं पत्र मात्र तिला कोणी वाचायला देत नाही. माझ्या मते तिसरी-चौथीत काही महिने, रोज पंधरा मिनिटं पुरे. मार्क नकोत. कसंही लिहिलेलं वाचता यावं, आणि स्वतःचं दुसऱ्याला लागावं, बस्स.

घरात कोणी मोडी वाचणारं हयात असेल तर या सुट्टीत मुलांना त्यांच्यापुढे बसवा. नसेल, तर राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. निदान आजीच्या हातची लोणच्याची कृती तरी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. अडले, तर तिथूनच सुरुवात करा.