कर्णधाराचा वाटा
'डोटा २' या संगणकावरील खेळात पाच-पाच गडी एकमेकांचा तळ उद्ध्वस्त करायला झुंजतात. शत्रूला मारले की सोने मिळते, त्यातून शस्त्रे येतात. मात्र हे सोने पाचांना पुरत नाही. म्हणून दोघे आपला वाटा सोडून टेहळणी करतात, वेळप्रसंगी साथीदारासाठी मरण पत्करतात.

'ओजी' संघाचा डॅनिश कर्णधार योहान सुंडस्टाइन याने हेच काम स्वतःकडे घेतले. मे २०१८ मध्ये दोन साथीदार संघ सोडून गेले. प्रशिक्षकालाच खेळायला उतरवावे लागले. पात्रता फेरीच्या तळापासून चढत ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला संघ ३-२ ने जगज्जेता ठरला. २०१९ मध्ये शांघायला पुन्हा!

वाढणारा शेवटी जेवला, तरच पंगत समाधानाने उठते.