पाठ लागली की नाही?

२०२३ सालच्या संक्रांतीला, म्हणजे १५ जानेवारीच्या रविवारी सकाळी, हट्ट्यातल्या एका चहाच्या हॉटेलासमोर दोन चांगली जाणती माणसे जमिनीवर आडवी झाली होती. त्यांतला एक सणाचे धुतलेले धोतर नेसलेला होता. दुसरा त्याच्या कमरेला हात घालून त्याला कुशीवर वळवत होता आणि भोवती जमलेल्या पंधरावीस जणांना विचारत होता, "आता सांगा, ही पाठ म्हणायची का कूस?" परगावच्या माणसाला वाटले असते, मारामारी चालली आहे. पण गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते, की हा आदल्या संध्याकाळी पुण्यात झालेल्या कुस्तीचा खल आहे.

कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची शेवटची कुस्ती महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्यात झाली होती. महेंद्रने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण. खाली आणतानाच त्याची पाठ जमिनीकडे नव्वद अंशांहून कमी कोनात वळली तर चार, असा हा हिशेब. सिकंदर पाठीवर गेलाच नव्हता, कुशीवर गेला होता, दोनच गुण द्यायला हवे होते, असे म्हणणारे अर्ध्या तासात महाराष्ट्रभर उभे राहिले. महेंद्र पुढे गेला, त्याच संध्याकाळी शिवराज राक्षेने त्याला हरवून गदा मिळवली. पण गदा कुणाला मिळाली हा विषय हट्ट्याच्या त्या हॉटेलात कुणी काढलासुद्धा नाही. सगळा जीव त्या दीड सेकंदात अडकलेला होता. फोनवर तोच तुकडा मागेपुढे करून, हळू करून, मध्येच थांबवून माणसे पाहत होती आणि फोनवर समाधान होईना म्हणून शेवटी दोघांनी अंग मातीत टाकले होते.

गंमत अशी, की यातल्या एकाचाही सिकंदरशी किंवा महेंद्रशी काडीचा संबंध नव्हता. दोघेही मल्ल सोलापूर जिल्ह्यातले; सिकंदर मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेला. वसमत तालुक्यातल्या हळद-सोयाबीनवाल्यांना त्यांच्यापैकी कोण जिंकला याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. सिकंदरच्या नावाकडे बोट दाखवून काहींनी वेगळाच सूर लावला, त्याला उलट सूर लावणारेही निघाले. पण मी ऐकलेल्या बोलण्यात वाद खांद्याचा आणि कोनाचा होता. दुसरीकडे मात्र पंचांपैकी एकाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पुण्यात पोलिसांपर्यंत गेली. कुस्तीशौकिनांचे हे दोन चेहरे एकाच आठवड्यात दिसले. त्यातला धमकीचा चेहरा वर्तमानपत्रांत आला. मातीत आडवे पडून कोन मोजणारा चेहरा कुठेच आला नाही, म्हणून हा लेख.

प्रेक्षक बिघडला, झुंड झाली, मोबाइलने माणसाला वेड लावले, असे निदान अशा वेळी फार सोपे असते. मला ते पटत नाही. आमच्याकडच्या फडावरचा प्रेक्षक पहिल्यापासूनच निवाड्यात तोंड घालणारा आहे. किंबहुना त्याला तोंड घालता यावे अशीच फडाची रचना आहे. गावची जत्रा असते, वर्गणी गोळा झालेली असते, नांगरून भुसभुशीत केलेल्या जमिनीभोवती माणसांचे कडे धरते, तोच आखाडा. रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, हलगी तापते, मग दहा, पन्नास, शंभर करत इनाम चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. जोड ठरवताना प्रेक्षक बोलतो: हा पोरगा अंगाने कमी आहे, ही जोड लावू नका. पैलवान नुसतीच खडाखडी करू लागले की प्रेक्षक ओरडतो. कुस्ती रंगली की आपल्या खिशातली नोट वर धरून इनाम वाढवणाराही प्रेक्षकच. आणि पाठ लागली की नाही हे पाहायला त्याच्याइतका जवळ कुणीच नसतो, कारण पैलवान पडतात ते बरेचदा त्याच्याच मांडीवर. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतली दंगल पाहायला आमच्या भागातून माणसे जातात आणि परत आल्यावर आठवडाभर कुस्त्यांचे सांगत राहतात. कोण जिंकला हे एका वाक्यात संपते. कसा जिंकला याला संध्याकाळ पुरत नाही.

पंचवीसतीस वर्षांपूर्वी हट्ट्यापासून जवळच्या एका गावच्या जत्रेत पाहिलेली कुस्ती मला यानिमित्ताने आठवते. शेवटच्या कुस्तीत त्या गावचाच पोरगा होता, समोर परभणीकडून आलेला एक पाहुणा पैलवान. दहाएक मिनिटे झाली असतील, गावच्या पोराने ढाक मारली, दोघेही आडवे झाले, धूळ उडाली आणि पंचांनी गावच्या पोराचा हात वर केला. हलगी कडाडली. दोघातिघांनी त्याला खांद्यावरही घेतले. तेवढ्यात समोरच्या रांगेतला एक मोडक्या कानांचा माणूस उठला. पन्नाशीचा असेल, स्वतः लढलेला, कानच सांगत होते. तो म्हणाला, "पंच, पाहुण्याचा डावा खांदा वर हाय. पाठ लागली नाही." हा माणूस त्याच गावचा. त्याला गप्प बसवायला चारजण धावले, पण पलीकडच्या बाजूने आणखी एकाने तेच सांगितले, मग तिसऱ्याने. हलगी थांबली. पंधरावीस मिनिटे नुसता कल्ला. शेवटी पंचांनी काय करावे? दोन्ही पैलवानांना बोलावले, जसे पडले होते तसे पुन्हा निजायला लावले आणि चारही बाजूंच्या माणसांना विचारले. मग जाहीर केले, की आम्हाला दक्षिणेकडून दिसले नाही, कुस्ती पुन्हा लागेल. पुन्हा लागली. गावचा पोरगा हरला. बाहेरून आलेल्या पैलवानाला त्या गावाने फेटा बांधला, आणि मोडक्या कानांच्या माणसाशी हरलेल्या पोराचा बाप वर्षभर बोलत नव्हता असे नंतर कळले.

सगळेच फड असे न्यायी असतात असे कोण म्हणेल? दगडफेकीत संपलेल्या दंगली याच जिल्ह्यांनी पाहिल्या आहेत. आधी ठरवून लढल्या जाणाऱ्या नुरा कुस्तीची देणगीही फडाचीच. पुढे ती राजकारणाने इतकी आपलीशी केली की मूळ घर कोणते हे लोक विसरले. जत्रेच्या फडाभोवती बाया कधी नसत, हेही खरे. महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ चा मार्च उजाडावा लागला. सांगलीत प्रतीक्षा बागडीने ती पहिली गदा घेतली. तेव्हा जुने ते सोने असा राग मला आळवायचा नाही. मुद्दा एवढाच, की फडावर निवाडा झाला की त्याचे कारण जागेवर कळत असे. पटत नसे, पण कळत असे.

गुणांची कुस्ती आली तेव्हा हे कळणे मागे पडले. गुणपद्धत वाईट आहे असे नाही. तिच्याशिवाय जगात कुस्ती लढताच येणार नाही. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मातीतले मोठे मल्ल, १९६९ चे महाराष्ट्र केसरी; त्यांनी पुढे गोकुळ वस्ताद तालमीत पोरांना घडवले. त्यांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली तयार झालेल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणले, ते गादीवर आणि गुणांवर. मराठवाड्याने हे बदल डोळसपणे स्वीकारले आहेत. पण चितपट ही गोष्ट डोळ्यांना दिसते, गुण दिसत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो. महाराष्ट्र केसरीच्या मैदानात पंच बोटे वर करतात, फलकावर आकडा बदलतो आणि निवेदक पुढच्या मान्यवरांचा सत्कार पुकारू लागतो. चार का, दोन का नाहीत, हे हजारो माणसांच्या मैदानाला कुणी सांगत नाही. सत्कारांना मात्र वेळ पुरतो.

जपानमध्ये सुमो नावाची कुस्ती आहे. आपल्याकडे तिची ओळख अगडबंब माणसांची ढकलाढकली एवढीच. पण तिथला शौकीन आपल्यापेक्षा काही थंड रक्ताचा नाही. सर्वांत वरच्या दर्जाचा मल्ल, योकोझुना, एखाद्या खालच्याकडून हरला की लोक बसायची उशी उचलून थेट आखाड्याच्या दिशेने भिरकावतात. फेकू नका अशी विनंती होते, तरी फेकतात. तिथला मुख्य पंच कमरेला छोटी कट्यार बाळगतो. निवाडा चुकला तर प्राण देण्याची तयारी, असा तिचा जुना अर्थ. पण मला हेवा वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आखाड्याभोवती पाच परीक्षक बसलेले असतात. पंचाच्या निर्णयाबद्दल शंका आली की ते उठून मधोमध उभे राहतात, आपसांत बोलतात, आणि मग त्यांचा प्रमुख ध्वनिक्षेपक हातात घेऊन सगळ्या प्रेक्षकांना सांगतो: पंचाने अमक्याला विजयी ठरवले होते, त्याचा पाय आधी बाहेर गेला असे आम्हाला वाटले, म्हणून निर्णय बदलत आहोत, किंवा दोघे एकदमच पडले, कुस्ती पुन्हा. ही पुन्हाची कुस्ती वाचली तेव्हा मला नांगरलेल्या शेतातला तो हट्ट्याजवळचा फड आठवला.

तिथेही चुका झाल्याच आहेत. १९६९ च्या मार्चमध्ये ओसाकाला थोर योकोझुना ताइहो सलग ४५ विजयांनंतर तोदा नावाच्या मल्लाकडून हरला. पंचाने ताइहोला जिंकवले होते, परीक्षकांनी निर्णय फिरवला. छायाचित्रांत दिसले, की तोदाचा पाय आधी बाहेर गेला होता. लोक खवळले. निकाल तसाच राहिला, पण पुढच्याच, मे महिन्याच्या स्पर्धेपासून परीक्षकांच्या मदतीला चित्रफीत आली. सुमो काही धुतल्या तांदळासारखी नाही. ठरवलेल्या कुस्त्यांचे प्रकरण निघाले म्हणून २०११ च्या मार्चची अख्खी स्पर्धा रद्द करावी लागली. पण मैदानात बसलेल्या माणसाला कारण सांगायचे, हा शिरस्ता त्यांनी सोडला नाही.

आपण काय केले? २०२३ च्या त्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या मैदानात गादी विभागाच्या शेवटच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असे शिवराजचे म्हणणे. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने गुणांवरून चिडून मैदान सोडले आणि पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी ठरला. शिवराज आणि महेंद्र, दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. लाथेचे समर्थन होऊ शकत नाही. पंचाच्या अंगावर हात टाकणाऱ्याला शिक्षा हवीच. पण ज्याने वीसबावीस वर्षांच्या वयापर्यंत घरच्यांच्या तोंडचे दूध-तूप-बदाम खाल्लेले असते, ज्याच्या बापाने त्यासाठी वावर गहाण टाकलेले असते, अशा मुलांच्या आयुष्यातला निर्णय एका शिट्टीत होतो आणि ती शिट्टी का वाजली हे त्यालाही कुणी नीट सांगत नाही, याची शिक्षा कुणाला?

मोठा पडदा तर मैदानात असतोच. वादग्रस्त डाव त्याच्यावर तीन बाजूंनी दाखवा. मुख्य पंचाने ध्वनिक्षेपक घ्यावा आणि साध्या मराठीत सांगावे: पाठ इतकी वळली, म्हणून चार. चूक झाली असेल तर तेही सांगावे. याला ना परदेशी तज्ज्ञ लागतात ना सरकारी अनुदान. दोन मिनिटे लागतात. धमकी देणारे तेव्हाही धमकी देतील. पण हॉटेलासमोर आडवे पडून कोन मोजणारा माणूस त्यांच्याबरोबर जाणार नाही.

शौकिनांनीही स्वतःकडे पाहायला हवे, हे मान्य. नव्वद अंशांचा नियम आपल्यातल्या किती जणांनी ती कुस्ती होण्याआधी वाचला होता? आपला तो मल्ल, त्यांचा तो पंच, असे म्हणायची सवय वाढली आहे. त्यात संघटनांनी भर घातली. १९६१ पासून चालत आलेल्या या किताबासाठी २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन स्पर्धा झाल्या: फुलगावला सिकंदर महाराष्ट्र केसरी, धाराशिवला शिवराज महाराष्ट्र केसरी. जानेवारीतला धरून वर्षात तीन गदा. आमच्या हॉटेलातल्या एका बेरकी गृहस्थाने विचारले, की आता हट्ट्याचा पण एक महाराष्ट्र केसरी करून टाकायचा का? सगळे हसले, पण ते हसणे काही बरे नव्हते.

त्या संक्रांतीच्या दुपारी मी तिळगूळ द्यायच्या निमित्ताने मोडक्या कानांच्या त्या म्हाताऱ्याकडे गेलो होतो. ऐंशीच्या घरात आलेला, डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. नातवाने त्याला फोनवर तो तुकडा दाखवला. त्याने पाच वेळा पाहिला. प्रत्येक वेळी नातू आशेने विचारायचा, "आबा, दोन का चार?" पाचव्यांदा पाहून म्हाताऱ्याने फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "हे पायाकडून धरलंय रे. मला डोस्क्याकडून पाहावं लागंल. तिथं कोण बसलं होतं, त्याला इचार."