हिमगौरीच्या विहिरीत मीठ

पृथ्वीचा ताप उतरवायचा तर कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडावा, असे आज हिरिरीने सांगितले जाते. त्यात मीठ कसे आडवे येते, हे नॉर्वेने अनुभवले. बॅरेंट्स समुद्रातील ‘स्नोव्हिट’ (म्हणजे आपल्या गोष्टीतली हिमगौरीच!) या वायुक्षेत्रात २००८ मध्ये समुद्रतळाखालील वालुकाश्मात हा वायू भरणे सुरू झाले आणि विहिरीतला दाब भराभर चढला.

खडकाच्या छिद्रांत खारे पाणी असते. कोरडा वायू ते शोषून नेतो, मीठ मागे उरते. मिठागरात ऊन करते तेच. कोरड्या जागेकडे आणखी खारे पाणी, वातीतून तेल चढावे तसे, ओढले जाते. छिद्रे बुजतात. मग जोर वाढवावा, तर वरचा खडक तडकण्याचे भय.

जमिनीखाली जागा किती, याचे आकडे सरकारे उत्साहाने देतात. विहीर रोज किती गिळेल, हे कोण विचारतो? स्नोव्हिटला ग्लायकोल सोडून मीठ हटवले. तरी दाब पुन्हा चढला, कारण वायूला पसरायला जागाच अपुरी होती. २०११ मध्ये तो वरच्या थरात वळवावा लागला.