साधा ताप

घरांत कोणास ताप आला कीं, "साधाच आहे, दोन दिवसांत उतरेल" असें म्हणून आपण मोकळे होतों. पुष्कळदां तो उतरतोही. आणि उतरला म्हणजे तो कशाचा होता हें विचारण्याची गरज कोणास भासत नाहीं. ही संवय घातक आहे, व ती एकट्यादुकट्याची नसून सबंध समाजाची आहे, असें माझें मत आहे. साथ ओसरली कीं आपण पहाराही उठवितों. वस्तुतः पहाऱ्याची खरी वेळ तेव्हांच सुरू होते.

इ. स. २००६ सालीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. त्या पावसाळ्यांत माझ्या आईस ताप आला. तो चार दिवसांत गेला. परंतु सांधे असे धरले कीं पाण्याचा तांब्या तिच्या हातीं राहीना, आणि भाकरी थापणें तर दिवाळीपर्यंत तिला जमलें नाहीं. आमच्या आळींत वांकून चालणारीं माणसें घरोघर दिसूं लागलीं. रोगाचें नांव चिकुनगुन्या. हा शब्द आफ्रिकेंतील मकोंडे लोकांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थही वांकविणारा असाच आहे. १९५२-५३ सालीं टांगानिकांत, म्हणजे सांप्रतच्या टांझानियांत, तो प्रथम ओळखला गेला. आपल्या देशांत १९६३ सालीं कलकत्त्यास व १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस त्याची साथ झाली. नंतर ३२ वर्षें सारें शांत होतें. आणि मग एकट्या २००६ सालीं देशांत सुमारें १३.९ लाख संशयित रोगी नोंदले गेले.

हा विषाणु म्हणजे अकरा हजारांहून अधिक अक्षरांची एक लहानशी पोथीच होय. देहांत शिरतांच तो स्वतःच्या नकला करवितो, आणि नकला करतांना चुका होतात. पोथ्या हातानें लिहीत त्या काळीं ज्ञानेश्वरींतही असेच पाठभेद शिरले होते, व एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हें विद्यार्थी जाणतातच. पाठभेद ताडून पाहिले म्हणजे कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली तें कळतें. विषाणूंचीं घराणीं शास्त्रज्ञ याच रीतीनें लावितात. त्यांना आढळलें कीं, १९६३ व १९७३ सालचे विषाणु आशियाई घराण्याचे होते. २००५-०६ सालचा मात्र पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेंतील घराण्याचा होता. म्हणजे जुना शत्रु परतला नव्हता. त्याच्या नांवानें दुसराच आला होता.

यापुढील गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुण्यास १९५२ सालीं स्थापन झालेली विषाणुसंशोधनाची संस्था आहे. तिलाच आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात. तेथील संशोधकांनीं २००० सालीं पुणें जिल्ह्यांतील यवत येथें पकडलेल्या डांसांतून हाच विषाणु वेगळा काढला होता. साथीनंतर त्याचीं अक्षरें वाचून प्रसिद्ध झालीं, तेव्हां तोही आफ्रिकी घराण्याचा निघाला! तेवढ्या एका खुणेवरून साथ टळली असती, असा माझा दावा नाहीं. परंतु खूण मिळाली ती कोणीतरी शांततेच्या वर्षांत डांस पकडीत होता म्हणून मिळाली, हें विसरतां येत नाहीं. असे डांस पकडणारे शंभर गांवीं असते तर?

कित्येक विचारतात कीं, ज्या विषाणूस मारणारें खास औषध नाहीं त्याचें घराणें जाणून लाभ काय? प्रश्न रास्त आहे, पण उत्तरही आहे. हिंदी महासागरांतील रियुनियन बेटावर २००५-०६ च्या साथींत विषाणूच्या एका प्रथिनांतील २२६ व्या स्थानीं ॲलनीन जाऊन व्हॅलीन आलें. एवढ्या एका पालटानें एडिस अल्बोपिक्टस जातीच्या डांसांत तो पूर्वींपेक्षां सहज वाढूं लागला, आणि बेटावरील सुमारें एक तृतीयांश लोक आजारी पडले. २००७ सालीं हाच पालट केरळांत दिसला. एडिस इजिप्ती घरांतील पिंपांत व टाक्यांत वाढतो. अल्बोपिक्टस बागांत, करवंट्यांत, रबराच्या झाडांस बांधलेल्या वाट्यांत. तेव्हां कोणतें पाणी आधीं ओतावयाचें, हें विषाणूच्या एका अक्षरावरून ठरूं शकतें.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, डांस व तापकऱ्यांचें रक्त तपासण्याचें काम सरकारनें साथीपुरतें न ठेवतां बारमाही चालवावें, व साथ नाहीं म्हणून त्यासाठीं लागणारा पैसा कमी करूं नये. रात्रीं चोरी झाली नाहीं म्हणून दुसऱ्या दिवशीं रखवालदारास कोणी घरीं पाठवीत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही वांट्यास यांतील एक काम आहे. हे डांस दिवसां चावतात. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडीं कोरड्या भांड्याच्या कडेस चिकटून महिनेच्या महिने टिकतात. यास्तव दर शनिवारीं घरचें पिंप रिकामें करा, कडा घांसा, मगच पाणी भरा. आणि कोणास ताप आला तर "साधाच आहे" असें म्हणण्यापूर्वीं त्याचें नांव विचारा.