शब्द लेखकाचा, पत्ता यादीचा

पाणलोटाची कामे करणाऱ्या एका संस्थेच्या अंतर्गत विकीवर मी काही महिने लिहीत होतो. तिथल्या संपादनाच्या चौकटीत एक नवी सोय आली. दोन चौकटी कंस उघडून नाव टाइप करू लागले की खाली पानांच्या नावांची यादी उघडायची, आणि स्पेस दाबली की यादीतले पहिले नाव आपोआप बसायचे. मी लिहिले, ‘माण तालुक्यात पाऊस कमी’. पानावर उमटले, ‘माणगाव तालुक्यात पाऊस कमी’. माण साताऱ्यातला, दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. माणगाव रायगडातला, कोकणच्या मुसळधार पावसातला. त्या विकीवर माणचे पान अजून तयार झाले नव्हते, म्हणून यादीने जवळचे नाव उचलले. ते वाक्य आठवडाभर तसेच राहिले. कोकणातल्या एका सहकाऱ्याने विचारले तेव्हा माझ्या लक्षात आले. मग बैठक झाली, ‘असली सोय नकोच’ असे ठरले आणि यादी बंद केली गेली.

तो निर्णय मला तेव्हा चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. ती सोय वाईट बांधलेली होती, हे खरे. पण तेवढ्यावरून ऑटोकम्प्लीट ही कल्पनाच विकीला परकी ठरत नाही. उलट मराठी विकीला तिची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो : यादीने लेखकाच्या शब्दाला हात लावू नये, त्या शब्दामागचा पत्ता तेवढा पुरवावा. या मर्यादेच्या अलीकडे थांबणारे आणि पलीकडे धावणारे, दोघांशीही माझा वाद आहे.

पहिला आक्षेप जुन्या जाणत्या संपादकांचा असतो. नाव समोर वाढून ठेवले की लिहिणारा आळशी होतो, त्याला साच्यांची नावे पाठ होत नाहीत, वर्ग कुठला लावायचा याचा विचार तो करत नाही. यामागची कळकळ मला समजते. ज्यांनी धूळपाटीवर, म्हणजे विकीच्या सरावाच्या पानावर, चुका करत करत सगळे आत्मसात केले, त्यांना त्या कष्टांचे मोल वाटणारच. पण पाठ करायचे काय आणि विचार करायचा कशाचा, यात इथे गल्लत होते. पानाचे नाव ‘शिवाजी महाराज’ आहे की ‘छत्रपती शिवाजी महाराज’, आडनावाच्या आधी आद्याक्षरे आहेत की पूर्ण नाव, हे लक्षात ठेवण्यात कसली विद्वत्ता आहे? मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, पण त्याआधी १९७३ मध्ये परिभाषासंग्रह निघाला होता. शेकडो लेखक एका ग्रंथासाठी लिहिणार, तर एका गोष्टीला सगळ्यांनी एकच नाव वापरावे, म्हणून शब्दांची यादी आधी हाती दिली गेली. तिच्यामुळे लेखक आळशी होतील असे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मंडळाला वाटले नाही. यादी समोर असली की डोके मजकुरासाठी मोकळे राहते. विकीतली ऑटोकम्प्लीट यादी म्हणजे तोच संग्रह, फक्त लिहिणाऱ्याच्या बोटांखाली आलेला.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. त्यांचे म्हणणे असे, की नाव पुरवता तर वाक्यही पुरवा. यंत्रे आता वाक्येच्या वाक्ये पुढे सरकवतात, मग विकीच्या संपादकाने मागे का राहावे? इथे दोन वेगळ्या वंशांची गाठ मारली जाते. २००४ च्या डिसेंबरात गूगलने शोधाच्या चौकटीखाली सूचना दाखवायला सुरुवात केली, त्या सूचना म्हणजे इतर लोक काय शोधतात यावरून बांधलेला अंदाज होता. विकीची यादी अंदाज बांधत नाही. ती नोंदवही उघडून सांगते की या नावाचे पान आहे. अंदाज चुकू शकतो. नोंद असते किंवा नसते.

वाक्य पुरवणे हा अंदाज आहे, आणि ज्ञानकोशात त्याची किंमत मोठी पडते. मराठीत गावांची हजारो छोटी पाने लिहिली गेली, लिहिली जातील. ‘येथील मुख्य व्यवसाय’ एवढे टाइप केले की यंत्र पुढे काय सुचवेल? ‘शेती आहे’. बहुतेक गावांपुरते ते बरोबरही असेल. आता दापोलीजवळच्या हर्णैचे पान घ्या. तिथे किनाऱ्यावर होड्या लागतात, मासळीचा लिलाव वाळूतच होतो, गावाचे दिवस समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालतात. लिहिणारा थकलेला असेल, रात्रीचे अकरा वाजले असतील, तर तो टॅब दाबेल आणि हर्णै शेतीचे गाव होईल. ते खोटे वाक्य कुणी मुद्दाम लिहिलेले नसेल, म्हणूनच ते पकडायला कठीण जाईल. विकीत प्रत्येक विधानामागे संदर्भ हवा आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस हवा. जे वाक्य मी रचलेच नाही, त्याचा संदर्भ मी कुठून देणार? म्हणून वाक्यपूर्ती विकीच्या संपादनात नको, हे मी कसलीही पळवाट न ठेवता सांगतो.

तिसरा पक्ष व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, इंग्रजी विकीसाठी तयार असलेली सोय आणा, भाषांतर करा, झाले. या मताचे खंडन जरा तपशिलात करावे लागेल, कारण खरी मेख इथेच आहे.

मराठी लिहिणारे पुष्कळ जण रोमन कीबोर्डावरून लिप्यंतराने लिहितात. ‘पुणे’ लिहायचे तर पी दाबल्यावर ‘प्’ उमटतो, यू दाबल्यावर ‘पु’ होतो, मोठा एन दाबल्यावर ‘पुण्’ होतो आणि ई दाबल्यावर ‘पुणे’. आता यादीकडे पाहा. ‘पु’ला ती ‘पुणे’ दाखवते. ‘पुण्’ला ‘पुणे’ गायब होते आणि ‘पुण्यश्लोक’ने सुरू होणारी पाने येतात, कारण संगणकाच्या लेखी पाय मोडलेला ‘ण्’ हा ‘णे’चा आरंभ नाही. पुढच्या कळीला ‘पुणे’ परत येते. प्रत्येक व्यंजनाला यादी अशी लुकलुकते, आणि लिहिणारा वैतागून तिच्याकडे बघणे सोडून देतो. उपाय साधा आहे : शोध घेताना शेवटचा हलन्त सोडून द्यावा. पण इंग्रजीत हलन्त नाही, त्यामुळे ही अडचण तिथल्या रचनाकाराच्या स्वप्नातही येणार नाही.

‘तीन अक्षरे टाइप झाली की शोध सुरू’ हाही तिकडून आलेला नियम. आपल्याकडे संगणक ‘क्ष’ हे एकच अक्षर तीन चिन्हे म्हणून मोजतो आणि ‘श्री’ चार. त्यामुळे ‘क्ष’ उमटताच यादी उघडते, पण उरण, पेण किंवा माण पूर्ण लिहून होईपर्यंत उघडत नाही. फोनवर तर आणखी निराळे. अँड्रॉइडच्या बहुतेक कीबोर्डांवर शब्द जुळत असताना ब्राउझरला कुठलीही कळ दाबली तरी २२९ हा एकच क्रमांक मिळतो. कळीच्या क्रमांकावर विसंबून बांधलेली यादी तिथे आंधळी होते, आणि नवे संपादक तर फोनवरूनच येतात.

मग सामान्यरूप. इंग्रजीत ‘बस’च्या दुव्याला बाहेरून अनेकवचनाचा प्रत्यय चिकटवला तरी विकी तो दुव्यात सामावून घेते. आपल्याकडे ‘[[नाशिक]]ला’ म्हणता येते, पण ‘[[पुणे]]ला’ म्हणता येत नाही. पुणे पुण्याला होते, सातारा साताऱ्याला, कोल्हापूर कोल्हापुरात. वाक्य मनात तयार होते ते प्रत्ययासकट. ‘तो पुढे शिक्षणासाठी पुण्याला गेला’ असे लिहिताना माणूस ‘[[पुण्या’ टाइप करतो, आणि यादी म्हणते असे काही नाही. मी कार्यशाळेत एका निवृत्त शिक्षकांना पाहिले आहे. त्यांनी ‘[[साताऱ्या’ लिहिले, यादी रिकामी दिसली, त्यांनी मागे जाऊन ‘सातारा’ केले, मग वाक्य बसेना म्हणून ‘सातारा येथे’ अशी रचना केली. पुढच्या दोन परिच्छेदांत सगळीकडे ‘पुणे येथे’, ‘वाई येथे’, ‘कराड येथे’. मराठी विकीवरची कितीतरी वाक्ये सरकारी पत्रकासारखी का वाचली जातात, याचे एक कारण मला तिथे दिसले. सोय भाषेला वाकवत होती.

यावर तंत्रज्ञ उत्तर देतात की शोध थोडा सैल ठेवा, एखाद्या अक्षराचा फरक माफ करा. ‘कोल्हापुर’वरून ‘कोल्हापूर’ सापडेल, हे मान्य. पण ‘पुणे’ आणि ‘पुण्या’ यांत एका चिन्हाचा फरक नाही, तीन चिन्हांचा आहे. तेवढी सैल केलेली यादी काहीही दाखवू लागेल. शिवाय या उत्तराचा पायाच मला खटकतो. सैल शोध चुका माफ करण्यासाठी असतो. सामान्यरूप ही चूक नाही, ते व्याकरण आहे. मराठी माणसाने बरोबर लिहिलेल्या शब्दाला चूक समजून माफ करणारे यंत्र आपण का स्वीकारायचे?

मग करायचे काय? लिहिणाऱ्याच्या शब्दातून प्रत्यय सोलून मूळ रूप शोधण्याची खटपट करण्यापेक्षा उलट दिशेने जावे. पानाचे नाव नोंदवहीत चढते तेव्हाच त्याचे सामान्यरूप तयार करून सोबत ठेवावे. सातारा : साताऱ्या. ठाणे : ठाण्या. नागपूर : नागपुरा. आकारान्त पुल्लिंगी, एकारान्त नपुंसकलिंगी, उपान्त्य दीर्घ असलेली नावे असे थोडेच नियम बहुतेक काम भागवतात. एखादे रूप चुकीचे तयार झाले तरी बिघडत नाही, कारण ते कुणी टाइपच करणार नाही. ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’, ‘पुण्यामध्ये’ अशी पुनर्निर्देशने हाताने घालत बसण्याची हमाली स्वयंसेवकांच्या गळ्यात मारण्यापेक्षा हे शतपटींनी बरे.

त्याच वेळी दिसायला एक आणि आतून दोन असलेली अक्षरेही एकत्र आणावीत. ‘साताऱ्या’तला अर्धा र ‘ऱ’ वापरून काढता येतो, किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडखूण लावून. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवत, काही अजूनही चढवतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ती वेगळी नावे वाटतात, आणि एकाच विषयाची दोन पाने उभी राहतात.

आणि निवड झाल्यावर पानावर काय उमटावे? ‘[[पुणे|पुण्याला]]’. डावीकडे पत्ता, उजवीकडे लेखकाने लिहिलेला शब्द, जसाच्या तसा. सगळ्या रचनेत मला याहून महत्त्वाचे काही वाटत नाही. समजा कुणी हैदराबाद संस्थानाच्या काळाबद्दल लिहितो आहे आणि ‘उस्मानाबाद’ म्हणतो. पान आता ‘धाराशिव’ नावाने असेल. यादीने त्याला त्या पानाशी जोडावे, पण त्याचा शब्द पुसून ‘धाराशिव’ करू नये. त्या काळाचा शब्द कुठला, हे ठरवणे इतिहास लिहिणाऱ्याचे काम आहे. नावावरून भांडायचे असेल तर पानाचे चर्चापान आहे, संपादकांची चावडी आहे. टॅबच्या कळीने तो वाद परस्पर मिटवू नये.

यादीत नुसते नाव पुरत नाही, हेही माणगावने मला शिकवले. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही. कळंब यवतमाळात आणि धाराशिवात. नावापुढे ‘रायगड जिल्ह्यातील तालुका’ एवढी तीन शब्दांची ओळख हवीच. विकिपीडियाच्या दृश्य संपादकात दुवा देताना अशी ओळख दिसते. साध्या मजकुराच्या चौकटीत लिहिणाऱ्यांनाही ती तितकीच हवी.

कळांबाबत माझे मत कडक आहे. स्पेसने काहीही निवडले जाऊ नये. एंटरने नवी ओळच यावी, बाणाने यादीत खाली उतरल्याखेरीज त्याला दुसरा अर्थ नको. टॅबने स्वीकार, एस्केपने यादी बंद, आणि एकदा बंद केली की त्याच शब्दासाठी ती पुन्हा उघडू नये.

राहिला लाल दुवा, म्हणजे अजून न लिहिलेल्या पानाचा दुवा. काही जण म्हणतात की यादीत फक्त अस्तित्वात असलेली पाने दाखवली तर तुटके दुवे कमी होतील आणि विकी नीटनेटकी दिसेल. हा नीटनेटकेपणा विकीच्या मुळावर येतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी उघडली तेव्हा न लिहिलेल्या पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसायचे. ते दाबले की पान लिहायला सुरुवात करता यायची. तिथे मोठ्या अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द सलग जोडले की आपोआप दुवा होई. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत, त्यामुळे त्या पद्धतीत आपल्याला जागाच नव्हती. नंतर चौकटी कंस आले तेव्हा कुठल्याही लिपीतले नाव दुवा होऊ शकले, असलेल्या पानाचेही आणि नसलेल्याचेही. ती मोकळीक यादीने काढून घेता कामा नये. म्हणून यादीच्या तळाशी नेहमी लेखकाने टाइप केलेले नाव जसेच्या तसे असावे, आणि ते पान नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे. माझ्यासमोर त्या दिवशी ‘माण : पान अजून नाही’ एवढी एक ओळ आली असती, तर माण माझ्या वाक्यात जागच्या जागी राहिला असता, आणि त्या तालुक्याचे पान लिहायला मी त्याच संध्याकाळी बसलो असतो.