लेबल हा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

गेल्या सत्रात एका कॅडेटने रविवारच्या बाजारातून हिरवा शर्ट आणला. साठवलेला सगळा पॉकेटमनी त्यात गेला होता. ‘सर, हा १९७१ च्या लढाईतला आहे,’ तो म्हणाला. कॉलरच्या आत लेबल होतं. त्यावर कानपूरचा पत्ता आणि सहा आकडी पिन कोड. मी त्याला एवढंच विचारलं, ‘पिन कोड कधी सुरू झाला?’ तो लायब्ररीत गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. १५ ऑगस्ट १९७२. ढाक्यातली शरणागती त्याच्या आठ महिने आधीची, १६ डिसेंबर १९७१ ची.

जुन्या लष्करी वर्द्या जमवण्याचा छंद चांगला आहे. पण ‘लेबल आहे म्हणजे अस्सल’ हे समीकरण मला मान्य नाही. लेबल पुन्हा छापता येतं, एका कपड्यावरून काढून दुसऱ्यावर शिवताही येतं. म्हणून ते एकटं वाचू नये, कपड्याबरोबर वाचावं.

काही गोष्टी कोणालाही तपासता येतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात शिवलेल्या पुष्कळ कपड्यांवर वेगळं लेबल नसून आतल्या बाजूला शाईचा शिक्का असे. त्यात बाणाची खूण आणि इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दिसतं. इंग्रजीत ‘कानपूर’चं जुनं, ‘सी’ने सुरू होणारं स्पेलिंग असेल तर माल जुना असण्याचा संभव वाढतो. अवाडीच्या कपडा कारखान्याचं नाव असेल तर तो १९६१ पूर्वीचा नाही. शहाजहानपूरचा कारखाना मात्र १९१४ पासूनचा. बटणावर राजमुकुट की अशोकस्तंभाचे सिंह, हेही पाहावं. १९४४ चा म्हणून दाखवलेल्या शर्टाच्या शिवणीतला एक धागा मोठ्यांच्या देखरेखीखाली जाळून पाहा. सुताची मऊ राख होते. वितळून कडक मणी झाला तर तो पॉलिएस्टर, आणि असा धागा तेव्हाच्या शिवणीत असणं शक्य नाही.

अतिनील दिव्याखाली धागा चमकला की नकली, असंही सांगतात. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्या घरांत कपडे टिनोपाल, रानीपालमध्ये बुडवायची रीत होती. आजीने प्रेमाने धुतलेला अस्सल शर्टही चमकेल!

त्याच आठवड्यात दुसऱ्या कॅडेटने सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून आजोबांचा शर्ट आणला. लेबल नव्हतंच. मानेला टोचतं म्हणून आजोबांनीच ते कापून टाकलं होतं. पण आत शाईने लिहिलेला त्यांचा आर्मी नंबर होता, धोब्याची खूण होती, आणि घरच्या पेटीतल्या डिस्चार्ज बुकात तोच नंबर होता. बाजारात या शर्टाला कोणी शंभर रुपये दिले नसते. माझ्या मते दोघांत मोलाचा तोच.

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ ची. तेव्हापासून कितीतरी घरांतून माणसं सैन्यात गेली, पण त्यांच्या वर्द्यांपैकी फार थोड्या उरल्या. खोट्या लेबलाच्या शर्टाला आपण ‘लढाईतला’ म्हणतो, तेव्हा जो खरोखर लढला त्याची जागा एका बनावट गोष्टीला देतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही.

पालकांना विनंती, घरात जुनी वर्दी असेल तर ती धुऊ नका, उसवू नका, नवी बटणं लावू नका. ती कोणाची, कुठली, कोणत्या साली मिळाली, हे आजोबा-आजींना विचारून आजच कागदावर लिहून ठेवा. आणि शाळेच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूशेजारी दोन चिठ्ठ्या असाव्यात, असं मला वाटतं. एकीवर सिद्ध झालेलं, दुसरीवर नुसतं ऐकलेलं.

बाजारातला तो शर्ट कॅडेटने फेकला नाही. त्याने त्यावर चिठ्ठी लावली, ‘१९७२ नंतरचा. मी फसलो होतो.’ त्या दिवशी आमच्या टेबलावरचं सर्वांत खरं लेबल तेच होतं.